गढी कोणाची? खान्देशातल्या वाड्यांच्या मालकीचा गुंता, सोप्या भाषेत

खान्देशातल्या गावांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या काही वर्षांत एक निरोप हमखास फिरला आहे: ड्रोनने मोजणी होणार आहे, आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारून ठेवा. साध्या घरांचं काम अर्ध्या तासात उरकतं. गाडं अडतं ते गढीपाशी. रेघ पडलेल्या बुरुजाच्या बाहेरून मारायची की आतून? ढासळलेल्या तटाला टेकून ज्यांनी गोठे बांधले, त्यांचं काय करायचं? आणि चौकशीला आलेल्या भूमापकाने मालकाचं नाव विचारलं तर कोणाचं सांगायचं? गावात राहणाऱ्या बापूंचं, नाशिकला गेलेल्या थोरल्या पातीचं, म्हणजे घराण्याच्या थोरल्या शाखेचं, की सुरतेला दिलेल्या आत्याचं? पारावर बसलेला एखादा म्हातारा हसून म्हणतो, "हाई गढी कोन्हनी शे, हाई देवलेच माहीत."

ही मोजणी केंद्राच्या स्वामित्व योजनेची. योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली आणि १८ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवशी देशभरात ६५ लाखांहून जास्त मिळकत पत्रिका वाटल्या गेल्या. मिळकत पत्रिका म्हणजे घराच्या जागेचा सात-बारा म्हणा. आजवर गावठाणातल्या, म्हणजे प्रत्यक्ष वस्ती असलेल्या जागेतल्या, बहुतेक घरांना तो नव्हता. इंग्रजांनी जमीन मोजली ती शेतसाऱ्यासाठी. खेड्यातल्या घरांखालच्या जागेवर सारा नव्हता, म्हणून तिथे घराघराची मोजणी झालीच नाही. शहरांत पुढे सिटी सर्व्हे झाला, बहुतेक खेडी राहून गेली. घराला कागद काय, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. तोही कर आकारणीचा.

म्हणजे गढी पहिल्यांदाच सरकारी नकाशावर 'मिळकत' म्हणून येते आहे, आणि मालकाच्या रकान्यात नाव मागते आहे. खरी अडचण अशी की गढीला एकच एक मालक असा कधी नव्हताच. ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

गढी म्हणजे नुसतं मोठं घर नव्हे

तापी-गिरणेच्या खोऱ्यात जुनं गाव बहुधा पांढरीच्या, म्हणजे वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या, उंचवट्यावर असतं आणि त्यातही वरची जागा गढीची. पायाला काळा दगड, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, खाली चांगल्या रुंद आणि वर निमुळत्या होत गेलेल्या. कोपऱ्यांना बुरूज, बुरुजांत जंग्या, म्हणजे बंदुकीची नळी बाहेर काढायची तिरकी भोकं. दरवाजा सागाचा, त्यावर लोखंडी खिळे, आणि त्याच्याच एका फळीत माणूस वाकून आत जाईल एवढी दिंडी. रात्री मोठा दरवाजा अडसर घालून बंद, येणं-जाणं दिंडीतून, एकेकाने. आत देवडी, चौक, कचेरीचा सोपा (ओसरी), माजघर, भिंतीतली धान्याची बळदं, जमिनीखालची पेवं.

हा बंदोबस्त हौसेखातर नव्हता. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजांनी खान्देश धुऊन काढला, पाठोपाठ १८०३-०४ चा दुष्काळ आला. पेंढारी होते, पगार थकलेले अरब शिपाई होते. अशा वेळी गावातली बायका-मुलं, धान्य आणि मुख्य म्हणजे कागद गढीच्या आत जात. साऱ्याचे हिशेब, सनदा, भाऊबंदांचे निवाडे असे रुमालात बांधलेले कागद हा कचेरीच्या सोप्याचा खरा ऐवज होता.

तेव्हा गढी हे एकाच वेळी राहतं घर, गावाचं कोठार, सरकारी कचेरी आणि संकटात आसरा घ्यायचा कोट होतं. अशा वास्तूला 'माझं घर' म्हणणारा असतो, पण ते त्याचं एकट्याचं नसतं.

वतन, इनाम, सरंजाम: तीन शब्द आणि एक विहीर

तीन शब्द एकदा नीट कळले की बाकीचं सोपं जातं. वतन म्हणजे पिढीजात काम आणि त्या कामाचा पिढीजात मोबदला. पाटील-कुलकर्णी गावाचे वतनदार, देशमुख-देशपांडे परगण्याचे, म्हणजे गावांच्या समूहाचे. इनाम म्हणजे सारा माफ असलेली किंवा नाममात्र सारा लावलेली जमीन. सरंजाम किंवा जहागीर म्हणजे फौज बाळगण्यासाठी लावून दिलेला वसूल. जमीन नव्हे, तिच्यातून येणारा पैसा. खान्देशात तिन्ही प्रकारच्या घराण्यांच्या गढ्या आहेत. मराठा आणि लेवा पाटलांच्या, ब्राह्मण देशपांड्यांच्या, दोंडाईच्याच्या रावळांसारख्या राजपूत घराण्यांच्या, सरदारांच्या. बाहेरून सारख्या दिसल्या तरी त्यांच्या मालकीची मुळं वेगळी आहेत.

आता चार भावांची सामाईक विहीर घ्या. उताऱ्यावर विहीर एक, पण पाण्याची पाळी प्रत्येकाची वेगळी, मोटार एकाची, कडेच्या आंब्याचा हक्क तिसऱ्याचा. 'विहीर कोणाची' विचारलं तर चौघांची. 'आज पाणी कोणाचं' विचारलं तर एकाचं. आणि गाळ काढायचा म्हटला तर कोणाचीच नाही. जुन्या काळची मालकी अशीच हक्कांच्या पाळ्यांची होती. गढीवर राज्यकर्त्याचा हक्क, कारण नाराज झाला तर तो वतन जप्त करी. घराण्याचा हक्क. घराण्यातल्या तक्षीमदारांचे, म्हणजे वतनाच्या हिस्सेदारांचे, आपापसातले हक्क. गावाचा, वेळप्रसंगी आत येण्याचा हक्क. आणि या सगळ्यांच्या वर मान.

मान ही फार चिवट चीज आहे. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीला पहिला नैवेद्य कोणाचा, यावरून खान्देशात डोकी फुटली आहेत. सातपुड्यात काठीची राजवाडी होळी आजही हजारोंच्या गर्दीत पेटते. काठीचं मेवासी, म्हणजे डोंगरी सरदाराचं, संस्थान खालसा होऊन जमाना झाला. वसूल गेला, अधिकार गेला, मान उरला. पुढे आपण कायद्याकडे जाणार आहोत, तेव्हा एवढं ध्यानात असू द्या: मान आणि मालकी यांची फारकत कायद्याने केली, गावाने ती मनापासून कधी मानली नाही.

तख्त बदलत गेलं

खान्देश हे राज्यच मुळात एका जहागिरीतून उभं राहिलं. १३७० च्या सुमाराला फिरोजशहा तुघलकाने मलिक राजाला थाळनेर आणि करवंद लावून दिलं. त्याच्या फारुकी घराण्याने पुढे दोनशेहून अधिक वर्षं राज्य केलं. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला, खान्देश मोगली सुभा झाला. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला आणि पेशवे, होळकर, शिंदे यांच्यात वाटला गेला. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेकडचे हक्क सोडले आणि त्याच वर्षी इंग्रज आले. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळ्याला मुख्य ठाणं केलं.

या उलथापालथीत वरचे धनी बदलले, पण परगण्याचा देशमुख बहुधा तोच राहिला. कारण साधं होतं. कोणत्या गावात किती जमीन पिकते, कोणाकडून किती यायचं, हे त्याच्या रुमालात होतं. नव्या राज्यकर्त्याला तो हवा असे.

सरदारांचं मात्र तसं नव्हतं. यावलचंच पाहा. गाव शिंद्यांचं. १७८८ च्या सुमाराला त्यांनी ते निंबाळकरांना दिलं. निंबाळकरांकडून ते इंग्रजांकडे गेलं, इंग्रजांनी १८३७ मध्ये परत शिंद्यांना दिलं, आणि १८४३ मध्ये पुन्हा इंग्रजांकडे आलं. साठ वर्षांच्या आत एवढे फेरे. पारोळ्याची कथा आणखी कडू. हरी सदाशिव दामोदर यांनी पन्नासेक घरांच्या वाडीचं तटबंदीचं शहर केलं, कोट बांधला. घराणं झाशीवाल्यांच्या नात्यातलं. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी जहागीर जप्त केली आणि कोट मोडला. एवढा मोठा कोट, पण मालकी टिकली ती राज्यकर्त्याच्या मर्जीपुरती.

सरंजामी मालकी आणि वतनी मालकी यांत फरक तो हा. पहिली वरून खाली आलेली, म्हणून वरून तुटणारी. दुसरी गावात रुजलेली, म्हणून तिला तोडायला फौज पुरत नाही, कायदा लागतो.

सनद दाखवा!

इंग्रजांनी सुरुवात गोड केली. फेब्रुवारी १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला, त्यात वतनं-इनामं चालू ठेवण्याचं आश्वासन होतं. पुढे तिजोरीचा हिशेब लागला तसा सूर बदलला. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. आता इनामदाराने सनद दाखवायची, नाहीतर जमिनीला सारा लागायचा. पण दोन-तीनशे वर्षांत किती गढ्या जळल्या, किती रुमालांना वाळवी लागली! ज्याच्याकडे कागद होता तो तरला. बाकीच्यांच्या वहिवाटीला विचारतं कोण? त्याच १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागात सरकारी जमीनमोजणीविरुद्ध लोक उठले आणि सरकारला फौज पाठवावी लागली. मोजणीवाला आला की गाव बिथरतं, ते आजचं नाही.

मग १८६३ मध्ये तडजोड निघाली. चौकशी नको असेल तर रुपयाला चार आणे या हिशेबाने जुडी, म्हणजे सवलतीचा सारा, भरा आणि इनाम कायम करून घ्या. त्याच सुमाराला गॉर्डन सेटलमेंट नावाच्या व्यवस्थेने देशमुख-देशपांड्यांची चाकरी माफ झाली. वतनाच्या उत्पन्नातला काही भाग सरकारला द्यायचा, काम करायला यायचं नाही. १८७४ च्या वतन कायद्याने उरलंसुरलं सगळं नियमांत बसवलं.

गढ्यांची पडझड म्हटली की लोक कूळकायद्याला बोल लावतात. माझं मत वेगळं आहे. गढीचा कणा मोडला तो इथे. काम गेलं आणि उत्पन्न राहिलं. कचेरीच्या सोप्यात सांगायला हिशेब उरला नाही, गावाला गढीची गरज उरली नाही. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं गढी चालली ती केवळ वसुलीवर.

१ मे १९५१

परगणा व कुलकर्णी वतनं रद्द करणारा मुंबई कायदा १९५० चा. तो १ मे १९५१ पासून लागू झाला आणि देशमुखी, देशपांडेपण, कुलकर्णीपण एका फटक्यात संपलं. वतनी जमीन आधी सरकारजमा झाली आणि मग ठरावीक कब्जेहक्काची रक्कम भरली की त्याच घराण्याला परत दिली गेली. याला रिग्रँट म्हणतात. सातबाऱ्यावर अजून कुठे कुठे 'नवीन शर्त' असा शेरा दिसतो, तो यातलाच. जमीन परत मिळाली, पण विकायला परवानगी लागेल, असा त्याचा अर्थ. सरंजामांवर १९५२ मध्ये गदा आली, वैयक्तिक इनामं १९५३ मध्ये गेली. महसुली पाटीलकी १ जानेवारी १९६३ पासून बंद झाली. मध्ये १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाने कसणाऱ्या कुळांना मालक केलं, आणि १९६१ च्या कमाल धारणेच्या कायद्याने जास्तीची जमीन गेली.

यात अन्याय झाला का? कुळाच्या बाजूने पाहिलं तर पिढ्यान्‌पिढ्यांचा अन्याय दूर झाला, आणि मला ती बाजू जास्त पटते. पण गढीच्या दृष्टीने नेमकं काय झालं तेही पाहिलं पाहिजे. राहतं घर कोणी ओढून नेलं नाही. नेलं ते घर चालवणारं उत्पन्न.

आणि मातीचं घर उत्पन्नाशिवाय उभं राहत नाही. धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, दर वर्षी मृगाच्या आधी खारी माती टाकून चोपावी लागते, तटाला लिंपण लागतं, पन्हाळी साफ लागतात. एक वर्ष चुकलं की पाणी कडीपाटात उतरतं. दुसऱ्या वर्षी तुळईच्या भिंतीतल्या टोकाला वाळवी लागते. ते टोक मातीत गाडलेलं, बाहेरून काही दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसात तुळई खाली येते आणि येताना भिंतीचा वरचा थर घेऊन येते. भिंतीचं डोकं एकदा उघडं पडलं की पुढे फार वाट पाहावी लागत नाही. मग गावकरी येतात. पांढरी माती शेताला चांगली, विटांनाही चांगली. ट्रॅक्टर लागतो आणि बुरूज वाफ्यांत जाऊन बसतो.

माती थोपायची कोणी? इथे सामाईक विहिरीचा गाळ पुन्हा वर येतो. वारस वाढत गेले आणि खर्च करणारा मात्र कोणीच नाही.

आता लोक जे विचारतात त्याकडे वळू.

"घरपट्टी आम्ही भरतो, नमुना ८ आमच्या नावावर आहे. मग गढी आमचीच ना?"

तेवढ्यावरून नाही. नमुना ८ सांगतो की कर कोणाकडून घ्यायचा. मालक कोण, हे तो ठरवत नाही. महसुली नोंदींनी मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. मिळकत पत्रिका त्याहून वजनदार, कारण ती चौकशी होऊन तयार होते आणि कायदा अशी नोंद खरी धरून चालतो. पण कुठपर्यंत? उलट शाबीत होईपर्यंत. म्हणजे पत्रिकेवर एकट्या बापूंचं नाव लागलं तरी बाकीच्यांचे हक्क बुडत नाहीत. फक्त पुढे भांडताना शाबीत करायचं ओझं त्यांच्या डोक्यावर येतं. म्हणून चौकशीच्या वेळी सगळ्या हिस्सेदारांची नावं लावून घेणं हाच शहाणपणा. "आधी एकाचं लावू, मग बघू" यातून खान्देशातल्या कोर्टांना पुढची तीस वर्षं काम मिळेल.

"गढी थोरल्या पातीची. पहिल्यापासून तसंच आहे."

मान थोरल्या पातीचा, हे खरं. काही वतनांत ज्येष्ठालाच सगळं, अशी चालही होती. पण १९८२ मध्ये नागेश बिस्तो देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न निकालात काढला. वतन गेलं तसा ज्येष्ठाचा एकट्याचा हक्कही गेला, आणि परत मिळालेली जमीन ही एकत्र कुटुंबाची, वाटप करता येण्याजोगी मिळकत आहे. थोरल्या घराने पोळ्याला बैल खुशाल पुढे न्यावा. गढीत मात्र त्याला आपला हिस्सा, तेवढाच.

"शेतात बहिणींना हिस्सा ठीक. पण गढीत?"

गढीतही. उदाहरणाने पाहू. समजा आबासाहेब नावाचे एक वतनदार १९६५ मध्ये वारले, पत्नी आधीच गेलेल्या, मागे तीन मुलगे आणि दोन मुली. गढी वडिलोपार्जित. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने हिशेब असा व्हायचा: आधी आबा आणि तीन मुलगे यांचे चार सारखे भाग मानायचे. मग आबांच्या पाव हिश्श्याचे पाच वारसांत पाच तुकडे. म्हणजे प्रत्येक मुलीला विसावा हिस्सा, शंभरातले ५. प्रत्येक मुलाला स्वतःचे २५ अधिक ५, मिळून ३०. वर आणखी एक अट होती: घरात कुटुंब राहत असेल तर पुरुष वारसांनी वाटणी काढल्याशिवाय मुलींना राहत्या घराची वाटणी मागताच येत नसे.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून हे बदललं. मुलगी जन्मानेच मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, राहत्या घराची ती अटही गेली. ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, आणि वरच्यासारखी नुसती मानलेली वाटणी म्हणजे खरी वाटणी नव्हे. तेव्हा त्या दोघी बहिणी २००५ मध्ये हयात असतील आणि २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली नसेल, तर पाचही भावंडांचा हिस्सा सारखा, शंभरातले २०. पाचाचे वीस झाले. बहुतेक गढ्यांची कागदोपत्री वाटणी कधी झालेलीच नाही, त्यामुळे हा हिशेब कागदावरचा समजू नका.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणीपुढे हक्कसोड पत्र सरकवण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. हक्कसोड पत्र म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा लेख. ते नोंदणीकृत असावं लागतं, साध्या कागदावरच्या सहीने हिस्सा जात नाही. पुरणपोळीच्या ताटावर सह्या घेणं कायद्यात बसतं की नाही हा पुढचा प्रश्न. शोभत नाही, हे मी लिहून देतो.

"आम्ही इथे राहून गढी राखली. बाकीचे फक्त यात्रेला येतात."

ही तक्रार मला सगळ्यात खरी वाटते आणि कायदा तिला सगळ्यात कमी दाद देतो. एका हिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. बारा वर्षं राहिलो म्हणून जागा माझी झाली, हा नियम परक्याच्या जागेसाठी. भाऊबंदांविरुद्ध तो वापरायचा तर तुम्ही त्यांचा हक्क उघडपणे, त्यांना कळेल असा, नाकारला होता हे सिद्ध करावं लागतं. डागडुजीचा खर्च मात्र वाटणीच्या वेळी हिशेबात मागता येतो. त्यासाठी पावत्या लागतात. सुताराला आणि गवंड्याला दिलेले पैसे वहीत मांडून ठेवा. आपले वाडवडील या बाबतीत आपल्यापेक्षा काटेकोर होते.

"एकाने आपला हिस्सा बिल्डरला विकला तर?"

विकू शकतो. पण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घराचा हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला आत येऊन सामाईक ताबा मागता येत नाही. त्याला वाटणीचा दावा लावावा लागतो. आणि त्याने दावा लावला की १८९३ च्या वाटणी कायद्याप्रमाणे कुटुंबातला कोणीही हिस्सेदार कोर्टाने ठरवलेल्या किमतीला तो हिस्सा विकत घेऊ शकतो. गढी पूर्ण पडून नुसता उकिरडा झाला असेल तर 'राहतं घर' म्हणणं अवघड होतं, म्हणून निदान एक सोपा तरी नांदता ठेवावा.

गढीचे सरळ तुकडे पडत नसतील तर? निम्म्याहून कमी नाही एवढा हिस्सा असलेल्यांनी मागणी केली, तर कोर्ट ती विकून पैसे वाटू शकतं, आणि तिथेही इतर हिस्सेदारांना विकत घ्यायची संधी असते. माझ्या पाहण्यात जे वाडे आज उभे आहेत ते बहुतेक असेच, एकाने बाकीच्यांना पैसे देऊन मोकळं केलेले.

"पुरातत्त्ववाले ताबा घेतील, म्हणून आम्ही कोणाला आत येऊ देत नाही."

ही भीती सार्वत्रिक आहे आणि बरीचशी अनाठायी. वास्तू संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाली तरी मालकी आपोआप सरकारची होत नाही. पाडणं, बदल करणं, खोदणं यांवर बंधनं येतात. स्मारक केंद्राच्या यादीतलं असेल तर भोवतीच्या १०० मीटरांत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट येते, हे शेजाऱ्यांना जाचक होतं यात शंका नाही. पण खान्देशातल्या घराण्यांच्या बहुतेक गढ्या कोणत्याही यादीत नाहीत. तिथे येणारा कागद उलट्या दिशेचा असतो, म्हणजे धोकादायक बांधकाम उतरवून घेण्याची नोटीस.

कागदांबद्दल मात्र दार उघडावं. इतिहासाचार्य राजवाडे यांच्या निधनानंतर १९२७ मध्ये धुळ्यात स्थापन झालेलं राजवाडे संशोधन मंडळ अशाच घराघरांतल्या रुमालांवर उभं आहे. पुण्याच्या पुराभिलेखागारात, जुन्या लोकांच्या तोंडच्या एलिनेशन ऑफिसात, इनाम कमिशनपुढे आलेले कागद आहेत. तुमच्या घरातली सनद वाळवीने खाल्ली असली तरी तुमच्या पणजोबांनी तेव्हा दिलेली कैफियत तिथे मोडी लिपीत सापडू शकते. वाटणीच्या दाव्यात तिचा उपयोग होतो. नुसत्या "आमचे पूर्वज सरदार होते" याचा होत नाही.

"आणि गढीतलं धन?"

हा प्रश्न सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून विचारला जातो. अमावस्येला पेवात उतरणारे महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत. कायदा १८७८ चा आहे, अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे भिंतीतसुद्धा, दडवलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. चौकशीत कोणी खरा धनी पुढे आला नाही, आणि सापडणारा व जागामालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, एक चतुर्थांश जागामालकाला. सरकारला ती वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा देऊन ते घेऊ शकतं. जागामालकाचा तो पाव भाग मिळकत पत्रिकेवरच्या सगळ्या हिस्सेदारांत वाटला जाणार, सुरतेच्या आत्यासकट.